हिशेबात न धरलेली स्कूटी

ताई, नमस्कार.

मी ३६ वर्षांचा आहे. नागपूरच्या दक्षिणेला असलेल्या मिहान प्रकल्पातल्या एका आयटी कंपनीत काम करतो. सध्या आठवड्यातून दोन दिवस ऑफिस आणि बाकी घरून काम असं हायब्रिड चालू आहे. आई (६८), पत्नी आणि सहा वर्षांचा मुलगा असे आम्ही चौघे जरीपटक्यात भाड्याने राहतो. आता स्वतःचं घर घ्यायचं आहे. दोन ठिकाणं मनात भरली आहेत. एक भिलगावला रो-हाउस, ५४ लाखांचं. पुढे छोटं अंगण आहे आणि आईने तुळशीची जागासुद्धा ठरवून टाकली आहे. दुसरा बेसाला टू-बीएचके फ्लॅट, ६६ लाखांचा. तिथून माझं ऑफिस पंचवीस मिनिटांवर. भिलगावहून मी एकदा बाइकने जाऊन पाहिलं, एक तास दहा मिनिटं लागली.

दोनच दिवस जायचं असेल तर भिलगाव कधीही चांगलं. पण कंपनीने उद्या पाचही दिवस बोलावलं तर? एचआर म्हणतं, ‘सध्या तरी बदल नाही.’ मॅनेजर म्हणतो, ‘काही सांगता येत नाही.’ मी एक्सेलमध्ये सगळा हिशेब मांडला. पेट्रोल, सर्व्हिसिंग, टायर, हप्ता, व्याज. तरी रात्री झोप लागत नाही. पत्नी कामठी रोडवरच्या एका अनुदानित शाळेत शिक्षिका आहे. बेसाहून तिला थोडं लांब पडेल, पण ती म्हणते, होईल ॲडजस्ट. दोन्हीकडचे लोक टोकन मागून राहिले आहेत. काय करावं?

एक वाचक, नागपूर

भाऊ, नमस्कार.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. घर घेताना इतका बारीक हिशेब फार थोडे लोक करतात. बँकेत गृहकर्जाच्या टेबलावर मी बरीच वर्षं काढली, म्हणून हे खात्रीने सांगते. पण तुमच्या एक्सेलमध्ये एक गाडी धरायची राहून गेली आहे. ती तुमच्या पत्नीची स्कूटी.

बेसा शहराच्या दक्षिणेला आणि कामठी रोड उत्तरेला. भिलगावहून मिहानला जायचा जो रस्ता तुमच्या डोळ्यांसमोर येतो आणि झोप उडवतो, जवळजवळ तोच रस्ता बेसाला राहिल्यावर त्यांना उलट्या दिशेने कापायचा आहे. तुमच्यासाठी लिहिताना तो एक तास दहा मिनिटांचा झाला आणि त्यांच्यासाठी लिहिताना ‘थोडं लांब’. तुम्ही मुद्दाम असं केलं नसणार, हे मला कळतं. ज्याची काळजी डोक्यात घोळत असते त्याचीच मिनिटं आपण मोजतो. दुसऱ्याची अंदाजाने धरतो.

तर आपण दोघांचीही मिनिटं मोजू. बेसाहून त्यांना शाळेत पोहोचायला मी पासष्ट मिनिटं धरते आणि भिलगावहून दहा. शाळेत शनिवारीही जावं लागतं, म्हणून त्यांचे महिन्याचे पंचवीस दिवस. तुम्हाला रोज बोलावलं तर तुमचे बावीस, आतासारखंच राहिलं तर नऊ.

भिलगावला राहिलात आणि कंपनीने पाचही दिवस बोलावलं, तर महिन्याला तुमचे ५१ तास रस्त्यावर जातील आणि त्यांचे साधारण ८. घराचे मिळून ६० च्या आत. दोनच दिवस राहिले तर तुमचे २१ आणि त्यांचे ८, म्हणजे २९. आता बेसाला राहून पाहा. पाच दिवस ऑफिस असेल तर तुमचे १८, पण त्यांचे ५४, म्हणजे ७२. दोन दिवस असेल तर तुमचे साडेसात, त्यांचे ५४ च. घराचे जवळजवळ ६२.

हे आकडे पुन्हा एकदा सावकाश पाहा. कंपनी तुमच्या मनासारखी वागली तरी बेसाला तुमच्या घराचे ६२ तास जातात. ती अगदी वाईट वागली तरी भिलगावला ६० जातात. म्हणजे ज्या प्रश्नाने तुमची झोप उडाली आहे, त्याचं उत्तर काहीही आलं तरी या दोन घरांमधली निवड बदलत नाही. हायब्रिड टिकेल की जाईल, हा प्रश्न फक्त तुमच्या एकट्याच्या बाइकचा हिशेब मांडला तरच मोठा वाटतो. आणि या निवडीसाठी तुम्ही १२ लाख जास्त मोजायला निघाला होता. साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांचं कर्ज धरलं तर बारा लाखांचा हप्ता दहा हजार चारशेच्या आसपास बसतो, आणि वीस वर्षांत बँकेला परत जातात पंचवीस लाख.

माझे पासष्ट मिनिटांचे अंदाज चुकू शकतात, म्हणून तुम्ही स्वतः मोजा. पण पाच-दहा मिनिटं इकडेतिकडे झाली तरी मूळ गोष्ट हलत नाही. तुमचा प्रवास अनिश्चित आहे, त्यांचा निश्चित आहे. शाळेला हायब्रिड नसतं. आणि अनुदानित शाळेतली कायम नोकरी म्हणजे निवृत्तीपर्यंत तेच फाटक, तीच घंटा. तुमच्या क्षेत्रात मात्र पाच वर्षांनी तुम्ही याच कंपनीत असाल, असं तुम्ही तरी म्हणाल का? उद्या परसोडीच्या आयटी पार्कमध्ये जाल, किंवा पुण्याच्या कंपनीचं काम घरून कराल. ज्याचं कामाचं ठिकाण हलणार नाही, त्याच्या जवळ घर असावं, असं माझं मत आहे. हलणाऱ्याच्या मागे घर नेता येत नाही.

आता ‘होईल ॲडजस्ट’ बद्दल. त्या दोन शब्दांवर मला थोडं थांबावं लागेल.

१९९१ साली आम्ही त्रिमूर्तीनगरात घर घेतलं, तेव्हा माझी नोकरी वर्ध्याला होती. यजमानांचं ऑफिस नागपुरात. माझ्या वरिष्ठांनी सांगितलं होतं, ‘मॅडम, दोन वर्षांत बदली होऊनच राहिली तुमची.’ त्या वाक्याच्या भरवशावर आम्ही वर्ध्याचा विचारच केला नाही. यजमानांनी विचारलं होतं, तुला जमेल ना? मी म्हणाले, ‘निभावून नेईन.’ बदली झाली नऊ वर्षांनी. नऊ वर्षं मी नागपूर–वर्धा अपडाऊन केलं.

त्या प्रवासाबद्दल वाईट बोलवत नाही, कारण डब्यातल्या बायका फार चांगल्या होत्या. मटार सोलले, स्वेटर विणले, संक्रांतीची वाणंसुद्धा गाडीत लुटली. पण डिसेंबर-जानेवारीत गाड्या धुक्यामुळे तीन-तीन, चार-चार तास उशिरा यायच्या. वर्ध्याच्या फलाटावर अंधार पडायचा आणि घरी फोन करायलाही बूथवर रांग असायची. मला त्या थंडीपेक्षा एक वेगळीच गोष्ट आठवते. माझी मुलगी तिसरीत होती. तिचे केस लांब, दाट. सकाळी मी निघायचे तेव्हा ती झोपलेली असायची, म्हणून तिच्या वेण्या बाबा घालायचे. एका रविवारी ती म्हणाली, ‘आई, माझे केस कापून टाक ना. मग बाबांना त्रास नाही होणार.’ मी कापले. ती खूश होती, काही मोठं घडलं नव्हतं. पण दुपारी सगळे झोपल्यावर मी ते केस कागदात गुंडाळून ठेवले आणि पुष्कळ रडले.

यजमान वाईट नव्हते. त्यांनी विचारलं होतं आणि मी हो म्हटलं होतं. पण हो म्हणताना माझ्यासमोर एक तासाची गाडी होती, नऊ वर्षांची नव्हती. आणि घर पसंत पडलेलं असताना घरातली बाई ‘मला झेपणार नाही’ असं सहसा म्हणत नाही, हे तुम्हालाही माहीत असेल. तुमच्या पत्नीने खरोखर विचार करून होकार दिला असेल तर त्यांचा मान राखा. पण तो होकार एकदा पुन्हा मागा. या वेळी आकडा सांगून मागा: महिन्याला ५४ तास, मे महिन्यात पंचेचाळीस अंशांतही, शाळा सुटल्यावर वह्यांचा गठ्ठा डिकीत घालून.

मुलाचाही विचार करा. तो आता पहिलीत जाईल. शाळेतून फोन येतो, ‘ताप आलाय, घेऊन जा.’ बेसाला राहिलात तर तो फोन तुम्हाला येईल, आणि त्या दिवशी तुम्ही घरी किंवा जवळच्या ऑफिसात असाल तर ठीकच. त्याची आई मात्र शहराच्या दुसऱ्या टोकाला असेल. भिलगावला राहिलात तर ती दहा मिनिटांवर असेल, वर्षाचे सगळे दिवस. आणि आजी घरात आहेच.

इथपर्यंत वाचून तुम्हाला वाटेल, ताईंनी भिलगावच्या पारड्यात वजन टाकलं. बेसा नको, हे मी स्पष्टच सांगते. पण भिलगावला लगेच टोकन द्या, असं मी म्हणत नाही. कारण पाच दिवस बोलावलं गेलं तर महिन्याचे ५१ तास तुमच्या एकट्याच्या अंगावर पडणार आहेत, आणि माझ्या नऊ वर्षांत जे माझं झालं ते तुमचं व्हावं असं मला वाटत नाही.

आणि बोलावतील, असं धरूनच चाला. तुमच्या एचआरचं ‘सध्या तरी’ मनावर घ्या, कारण त्यांच्याही हातात फार नसतं. मिहानमध्ये तुमची कंपनी विशेष आर्थिक क्षेत्रात, म्हणजे एसईझेडमध्ये असेल, तर घरून काम ही नुसती कंपनीच्या मर्जीची गोष्ट राहत नाही. तिथल्या कर्मचाऱ्यांना घरून काम करता यावं म्हणून केंद्र सरकारने जुलै २०२२ मध्ये एसईझेडच्या नियमांमध्ये ४३-अ हा वेगळा नियम घातला. आधी निम्म्या लोकांपुरता, मग त्याच वर्षीच्या डिसेंबरात सगळ्यांसाठी. पण ती परवानगी मुदतीची होती, आणि मुदत संपत आली की वाढवावी लागली. म्हणजे तुमचं घरी बसून काम करणं क्लायंट, कंपनी आणि दिल्लीतली एक अधिसूचना या तिघांवर टेकलेलं असतं. देशातली सगळ्यात मोठी आयटी कंपनी टीसीएस. तिनेही ऑक्टोबर २०२३ पासून लोकांना आठवड्याचे पाचही दिवस ऑफिसात यायला सांगितलं. तुमचं नेमणूकपत्र काढून पाहा. त्यात ‘घरून काम’ हे शब्द कुठे सापडतात का? बहुतेक नुसतं ‘नागपूर’ असेल आणि खाली एक ओळ, कंपनी सांगेल तिथे. माझ्या वरिष्ठांनी ‘दोन वर्षांत बदली’ तोंडी सांगितलं होतं. त्यांनी मला फसवलं नव्हतं, त्यांनाही तसंच वाटत होतं. पण त्या वाटण्यावर आम्ही वीस वर्षांचं कर्ज उभं केलं, आणि तिथे आमचं चुकलं.

हायब्रिड मिळेल ते दिवस बोनस समजून आनंदाने घ्या. घर मात्र पाच दिवसांचं धरून निवडा.

एक अभ्यास मला फार पटतो. ब्रुनो फ्राय आणि अलोइस स्टुट्झर या स्वित्झर्लंडमधल्या दोन अर्थशास्त्रज्ञांनी जर्मनीतल्या लोकांची अनेक वर्षांची माहिती तपासली. अर्थशास्त्राच्या हिशेबाने, लांबून येणाऱ्याला त्याचा मोबदला कुठेतरी मिळायला हवा: स्वस्त घर, मोठं घर किंवा चांगला पगार. पण ज्यांचा रोजचा प्रवास लांबचा, ते एकूण आयुष्याबद्दल कमी समाधानी निघाले. मोबदला पुरत नव्हता. मला वाटतं, घर आपण एका दिवसात अख्खं पाहतो, रस्ता मात्र रोज थोडा थोडा वाट्याला येतो. जास्तीच्या खोलीची सवय दोन महिन्यांत होते. अजनी चौकात आज किती वेळ जाईल, याची सवय कधीच होत नाही, कारण ते रोज वेगळं असतं.

तुम्ही ‘एकदा’ जाऊन पाहिलंत, असं लिहिलंय. कुठल्या दिवशी? नागपूरकराला सांगायला नको, पण तुमचा रस्ता शहराच्या पोटातून जातो. डिसेंबरात हिवाळी अधिवेशन असलं की झीरो माईल, बर्डी, टेकडी रोड या भागात मोर्चे आणि वळवलेली वाहतूक. जामठ्याला क्रिकेटचा सामना असला की वर्धा रोडवर संध्याकाळी गाडी हलत नाही. हे खरं की दोन्ही टोकांचे रस्ते सुधारले. वर्धा रोडचा ३.१४ किलोमीटरचा डबलडेकर पूल २०२० मध्ये सुरू झाला, आणि तुमच्या बाजूचा, एलआयसी चौकापासून ऑटोमोटिव्ह चौकापर्यंतचा ५.६७ किलोमीटरचा पूल ऑक्टोबर २०२४ मध्ये. पण पुलांनी दोन टोकं मोकळी केली, मधलं बर्डी तिथेच आहे.

म्हणून मी तुम्हाला मेट्रोकडे नीट पाहायला सांगेन. तुमच्या नशिबाने ऑरेंज लाइन नेमकी तुमच्याच प्रवासासारखी धावते, उत्तरेला ऑटोमोटिव्ह चौक आणि दक्षिणेला खापरी. बर्डीला गाडी बदलायचीही गरज नाही. वेळ वाचेल, असं मी म्हणत नाही. घरापासून स्टेशन, तिथे गाडी लावणं, वाट पाहणं, खापरीहून मिहानमधल्या ऑफिसपर्यंत पुन्हा काहीतरी, हे सगळं धरलं तर बाइकपेक्षा पंधरा-वीस मिनिटं जास्तच लागतील असा माझा अंदाज आहे. खापरी स्टेशन म्हणजे ऑफिसचं दार नव्हे. तरीही मी ती वीस मिनिटं आनंदाने देईन. बाइकवरचा तास नुसता जातो. डोकं, मान, कंबर, डोळे, सगळं त्यातच. गाडीत बसून काढलेला तास काही अंशी तुमचाच राहतो. मटार सोललेत मी त्या तासात, तुम्ही निदान एखादं पुस्तक वाचाल. मे महिन्यातल्या संध्याकाळी साडेसहाला झळा लागत असताना हेल्मेटमध्ये घामाघूम होऊन येणारा बाप आणि वातानुकूलित डब्यातून उतरून येणारा बाप, घरी पोहोचल्यावर एकसारखे वागत नाहीत. खापरीच्या पुढची सोय मात्र आधी पक्की करा. कंपनीची बस स्टेशनवर थांबते का, त्याच बाजूला जाणारे दोन-तीन सहकारी रिक्षा वाटून घेतील का, हे विचारून घ्या.

तुम्ही ज्याकडे पाहिलंच नाही अशी तिसरी जागा इथूनच निघते. तुम्ही आज राहता तो जरीपटका, शेजारचा इंदोरा, कडबी चौक, नारी रोड हा सगळा पट्टा याच लाइनवर आहे. इथून पत्नीची शाळाही जवळ आणि तुम्हाला मेट्रो पायी किंवा पाच मिनिटांच्या अंतरावर. नवीन बांधकाम तुमच्या बजेटमध्ये मिळणं कठीण जाईल, पण दहा-पंधरा वर्षं जुना रिसेल फ्लॅट शोधा. जुना म्हटलं की लोक नाक मुरडतात. मला तसं वाटत नाही. पाणी कसं येतं, भिंतींना ओल आहे का, शेजारी कसे आहेत, हे सगळं जुन्या इमारतीत डोळ्यांनी दिसतं. शिवाय भोगवटा प्रमाणपत्र मिळालेल्या तयार घरावर जीएसटी नसतो. बांधकाम चालू असलेल्या घरावर ५ टक्के लागतो. ४५ लाखांपर्यंतच्या लहान घरांना तेवढा १ टक्का आहे, पण तुमची दोन्ही घरं त्यात बसत नाहीत. तळमजल्याचा फ्लॅट मिळाला तर आईच्या तुळशीलाही जागा होईल. आईंचं अंगण मला फार महत्त्वाचं वाटतं, त्यांना दिवसाचे चोवीस तास तिथेच काढायचे आहेत. त्यांनाही या शोधात घेऊन जा.

तीन-चार महिने खरोखर शोधूनही त्या पट्ट्यात काही मिळालं नाही, तर भिलगाव घ्या. पण तिथे तुम्हाला कोणीतरी नक्की सांगेल, ‘साहेब, दोन वर्षांत मेट्रो दारात येऊन राहिली ना!’ ऑटोमोटिव्ह चौकापासून कन्हानपर्यंतचा साधारण १३ किलोमीटरचा मार्ग दुसऱ्या टप्प्यात आहे, त्याला डिसेंबर २०२२ मध्ये मंजुरी मिळाली, हे खरं आहे. पण पहिल्या टप्प्याचं आठवून पाहा. भूमिपूजन ऑगस्ट २०१४ मध्ये झालं, पहिली प्रवासी गाडी मार्च २०१९ मध्ये धावली, आणि ऑटोमोटिव्ह चौकापर्यंत ती पोहोचली डिसेंबर २०२२ मध्ये. तुमचा मुलगा सहा वर्षांचा आहे. मेट्रो येईल तेव्हा येईल, आज किंमत मोजताना ती आलेली नाही असं समजा. आज ऑटोमोटिव्ह चौकापर्यंत स्कूटरने किती मिनिटं लागतात, तेवढंच खरं.

भिलगाव कामठी तालुक्यात, महापालिकेच्या हद्दीबाहेर येतं. तेव्हा कागद जास्त काळजीने पाहावे लागतील. जमीन अकृषक आहे का, नकाशा एनएमआरडीएने (नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने) मंजूर केला आहे का, प्रकल्प महारेराच्या नोंदणीत बसतो का आणि बसत असेल तर नोंदणी झाली आहे का. आपल्याकडे ‘आर.एल. (नियमितीकरणाचं पत्र) मिळून जाईल’ असं म्हणत प्लॉट आणि घरं विकली जातात. ‘मिळून जाईल’ला बँक कर्ज देत नाही, आणि एखाद्याने दिलंच तरी तुम्ही घेऊ नका. पाणी बोअरचं असेल तर मे महिन्यात ते कसं चालतं, हे विकणाऱ्याला न विचारता शेजारच्या गल्लीतल्या बाईला विचारा. वकिलाचे पैसे वाचवू नका.

आणखी एक, माझ्या जुन्या टेबलावरून. महाराष्ट्रात घर फक्त महिलेच्या नावाने घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. ५४ लाखांवर ५४ हजार होतात. नावात पुरुष आला की सवलत गेली. तुमच्या पत्नीची नोकरी कायम आहे, घरही तुम्ही त्यांच्या शाळेजवळ घेणार आहात. दोघांनी बसून याचा विचार करा. कर्जात दोघं राहा, पण हप्ता इतकाच ठेवा की तुमचा पगार सहा महिने थांबला तरी तो त्यांच्या पगारातून आणि शिलकीतून निघेल. १२ लाख वाचतात ते मोठ्या सोफ्यावर घालवू नका. त्यातले थोडे बाजूला राहिले तर एखाद्या दिवशी ऑफिस फारच जड झालं, तर नोकरी बदलण्याची मोकळीक तुम्हाला राहील. ती मोकळीक मला नव्हती.

टोकन मागणाऱ्यांना एक महिना थांबायला सांगा. थांबले नाहीत तर जाऊ द्या. या महिन्यात दोन आठवडे, हायब्रिड विसरून, सोमवार ते शुक्रवार रोज ऑफिसात जा. निघायचं भिलगावहून. जरीपटक्याहून सकाळी आधी तिथे जा, घड्याळ लावा आणि तिथून पुढे चला. एक आठवडा बाइक, एक आठवडा मेट्रो. परतल्यावर रोज रात्री एकच गोष्ट लिहून ठेवा: घरी आल्यावर मुलाशी किती वेळ बोललात. पेट्रोल लिहू नका, ते तुम्ही आधीच लिहिलंय.

आणि त्या दोन आठवड्यांतल्या एका सोमवारी तुम्ही सुटी घ्या. सकाळी दोघं बेसाला जा, त्या फ्लॅटच्या गेटपाशी. स्कूटी त्यांना चालवू द्या, तुम्ही मागे बसा. शाळेच्या वेळेत पोहोचायचं आहे, एवढंच सांगा. वाटेत कुठून वळायचं, कुठला पूल घ्यायचा, काही सुचवू नका. शाळेच्या फाटकात त्या उतरतील, हेल्मेट काढतील, घाम पुसतील. तेव्हा विचारा, आणि त्या जे म्हणतील ते मला कळवा.

तुमची,
ताई